तारकाका आणि तिसरं उत्तर

कुठलाही सेन्सर हातात आला, की तारकाका त्याच्यावरच्या चिठ्ठीकडे बघायचेच नाहीत. "चिठ्ठी मानूस लावते, बाई. तार सोता सांगते," असं म्हणत खिशातलं चुंबक काढून तारेला लावायचे. सौसरजवळच्या आमच्या कारखान्यात ते तापमान मोजायच्या उपकरणांचे फिटर होते. मोहगावहून सायकलनं यायचे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नागपूरहून तिथे नवी इंजिनीयर म्हणून आले. कारखान्यात पहिला संगणक आला होता, आणि तेलाच्या टाक्यांचं तापमान पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम माझा होता. त्याचा मला केवढा गर्व! काका संगणकाशी आदरानं वागायचे, पण विश्वास ठेवायचे नाहीत.

एका दुपारी पडद्यावर दीडशे अंश दिसत होते. काकांनी टाकीच्या पाइपाजवळ तळहात धरला आणि सरळ हीटर बंद केला.

"काका, काय करताय? अजून पन्नास अंश चढायचेत!"

"चढले जी ते कवाचे. तेल वास मारून राहिलं."

त्यांनी जोडणीची पेटी उघडली. सकाळच्या पाळीत कुणीतरी सेन्सर बदलला होता. जुन्याची लोखंडी तार चुंबकाला घट्ट चिकटायची. याची जेमतेम ओढली गेली. दिसायला दोन्ही सारखे, जात वेगळी. माझा प्रोग्राम मात्र तारेतून येणाऱ्या विजेच्या दाबावरून जुन्याच जातीच्या कोष्टकानं तापमान काढत होता. तेल केव्हाच दोनशेवर गेलं होतं, आणि टाकीशेजारी दोन बाया पिंपं धूत होत्या.

साहेबांसमोर मी चूक कबूल केली. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "नवा पाहुना आला, हे प्रोग्रामले कोनी सांगतलंच नाही. त्याले ओळखाले शिकवा."

मग आम्ही दोघं कामाला भिडलो. सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवायचा, तारेतून येणारा विजेचा दाब मोजायचा, आणि तो दोन्हींपैकी कोणत्या जातीच्या कोष्टकाशी जुळतो ते प्रोग्रामनं सांगायचं. पंधरा दिवसांत एकही चूक होईना. मी पेढे आणले. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि सेन्सर उकळी न फुटलेल्या पाण्यात बुडवला. पडद्यानं ठणकावून चुकीची जात सांगितली.

"पानी उकळलं का नाही, त्याले कुठं माहीत?" काका हसले. "माहीत नसन तर माहीत नाही म्हनाव. त्यात लाज कायची जी?"

तेव्हापासून पाण्यात काचेचा तापमापक ठेवून त्याचा आकडा प्रोग्रामला देऊ लागलो. तरीही मेळ बसला नाही, तर तिसरं उत्तर: ओळख पटली नाही. आणि ओळख पटेपर्यंत टाकीचा हीटर बंद.

पुढच्या वर्षी काका निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. काकूंनी मला निरखून पाहिलं.

"तुमीच काय त्या? हे तं रोज सांगत, आमच्या बाईनं मशीनले 'मले माहीत नाही' म्हनाले शिकवलं."

ते त्यांनीच मला शिकवलं होतं. तसं सांगायला मी तोंड उघडलं, तर काकांनी माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

"जेवा जी आधी," म्हणाले.