बोईसरची परांची

साठच्या दशकात मुंबईच्या आमच्या कॉलेजातून आम्ही वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना काही महिने प्रत्यक्ष बांधकामावर पाठवत असू. ती मुलं काय शिकतात हे बघायला मी अधूनमधून जाई. त्या मार्चमध्ये बोईसरला जायचं ठरलेलं नव्हतं. पण तिथून परतलेला एक विद्यार्थी म्हणाला, "बाई, वसंता साइटवर जात नाही. धड जेवतही नाही." दुसऱ्या दिवशी मी सकाळची पॅसेंजर पकडली.

वैतरणेची खाडी ओलांडली की डब्यातला वारा खारट होतो. पालघरला गाडी बराच वेळ थांबे. खायचं काही तिथेच घ्यावं, कारण बोईसरला तेव्हा चहापलीकडे फारसं मिळत नसे. पुढे तारापूरच्या रस्त्याला एसटी होती, पण तिचा भरवसा नव्हता. मी टांगा केला. ट्रकांच्या धुळीनं दोन्ही बाजूंची झाडं पांढरी पडली होती.

कामगारांच्या चाळी बांधणाऱ्या एका कंत्राटदाराकडे वसंता शिकत होता. तो खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"बांबूंची परांची हलत होती, बाई. मी सकाळीच मुकादमाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, शिकाऊ आहेस, शीक." त्याच दुपारी परांची कोसळली आणि धर्मा नावाचा मजूर गेला. मासळी कमी मिळण्याच्या दिवसांत तो इथे विटा चढवायला येई.

"उद्या चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत. परांची मजबूत होती, असं सांगायला लावतायत मला. नाही सांगितलं तर प्रशिक्षण रद्द."

"मग काय करणार आहेस?"

"खरं सांगणार. पण भीती वाटते."

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर धर्माच्या घरी गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्या तशाच उभ्या होत्या. त्याची बायको दारात बसली होती. वसंतानं सगळं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे कुनाला तरी म्हाईत होतं. आमाला वाटलं, त्याचाच पाय घसरला. सगले तेच बोलतात."

"मी उद्या सांगणार आहे," वसंता म्हणाला.

"सांग बाबा. तो काय परत येनार नाय. पन त्याला धांदरट तरी कोन बोलनार नाय."

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या ऑफिसात मी वसंताच्या शेजारी उभी राहिले. काल मला सांगितलं तेच त्यानं शब्द न बदलता साहेबांना सांगितलं. साहेबांची जीप निघून गेली तसा कंत्राटदार माझ्याकडे वळला. "तुमचा पोरगा घेऊन जा. आणि दुसरा पाठवू नका."

परतीच्या गाडीत वसंता सफाळ्यापर्यंत रडत होता.

मुंबईत त्याला प्रशिक्षणासाठी दुसरीकडे जागा मिळेपर्यंत वर्ष हातचं गेलं. चौकशीचं काय झालं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. एके दिवशी त्याचे वडील माझ्या घरी आले. गिरणीतली पाळी संपवून तसेच आले होते.

"बाई, तुम्ही होता ना तिथं? अडवलं का नाही त्याला?"

"त्याचं बरोबर होतं," मी म्हणाले.

त्यांच्यासमोरचा चहा तसाच निवला. उठताना ते म्हणाले, "बरोबर होतं, ते मलाही कळतं हो." आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरू लागले.