पाटलाच्या वावरातली काळी

नत्थुजी सुताराचा राग अख्ख्या अमरावतीला ठाऊक होता. रंधा हातात असला की माणूस देवगाय. पण कामात खोट दिसली, की समोर डिप्टी कमिशनर असो नाहीतर सख्खा व्याही, जीभ सुटलीच म्हणून समजा. तरी लोक बोलवायचे त्यालाच. "नत्थुजीचं काम हाये," म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे. चाळीस वर्षं घाम गाळून त्यानं कमावलं ते एवढंच, नाव.

एकोणीसशे एकतीसच्या उन्हाळ्यात शेषराव पाटलांनी साहेबलोकांच्या कॅम्पाकडे बंगला बांधला. बैठकीत साहेबासारखी लाकडी जमीन पाहिजे, ही हौस. परतवाड्याहून सागवान आलं. नत्थुजीनं महिनाभर खपून फळ्या रंधून ठेवल्या, मग त्या बसवायला बैठकीत पाऊल टाकलं आणि त्याचं टाळकंच सरकलं. जोत्यात मुरूम नव्हताच. काठोकाठ काळी माती!

"हे काय भरून ठेवलं?"

"माह्या वावरातली हाये," शेषराव मिशीवर ताव देत म्हणाले. "वीस गाड्या! लक्ष्मी हाये ते. अन् गोट्यासारखी टनक."

"उन्हाळ्यात टनकच रायते! पानी लागलं का फुगते, वाळली का भेगा पडते. तुमच्या बापजाद्यानं काळीत पेरलं अन् घर बांधलं गावठानाच्या पांढरीवर. ते का येडे होते? सारी उपसा, मुरूम भरा, पानी मारून धुमसानं ठोकून बसवा. मंग फळ्या."

"जेठात पोरीचं लगन हाये अन् तू माह्या मातीले नावं ठेवून राहिला? चालता हो!"

नत्थुजी हत्यारं उचलून निघाला. पाटलांनी दुसरा सुतार लावून त्याच फळ्या ठोकून घेतल्या. लग्न दणक्यात झालं.

श्रावणात काळी फुगली. फळ्या उचलल्या, सांधे उकलले, आणि शेषरावांची म्हातारी आई पार्बताबाई त्यातच ठेचकाळून पडली. तर हा पाटील गावभर काय सांगत सुटला? "नत्थुजीचं काम हाये!" वा रे वा! चोर तो चोर अन् वर शिरजोर! आठवड्याच्या आत दोन गिऱ्हाइकांनी सांगितलेली कामं परत घेतली.

नत्थुजीच्या अंगाचा तिळपापड झाला. पहार घेऊन तो तडक बंगल्यात शिरला. बैठकीत चार पाहुणे चहा पीत होते. कुणाला काही विचारलं नाही, पहार घातली आणि कडाकड फळी उखडली. खालच्या चिखलाचा गोळा काढून त्यानं पाटलांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर आपटला.

"सांगा या पाव्हन्याइले, ही माती कोनं भरली?"

"पोलिसाले बोलावतो!" शेषराव उठले.

"बोलाव ना," मागून आवाज आला. पायाला फडकं बांधलेली पार्बताबाई दाराला धरून उभी होती. "म्या बी म्हनलं होतं का घरात काळी भरू नको. माह्यं आयकलं काय तू? सांग आता."

शेषरावांनी पाहुण्यांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"म्या भरली," ते पुटपुटले. "नत्थुजी नाही म्हनत होता."

"मोठ्यानं," नत्थुजी म्हणाला. "गावात माह्यं नाव घेतलं तितक्या मोठ्यानं!"

शेषरावांनी पुन्हा सांगितलं. या खेपेला फाटकाबाहेरच्या टांगेवाल्यानंही वळून पाहिलं.