हात दाखवला तरच गाडी थांबते

कॅनडात एडमंटनच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होण्याआधी, आमच्या गावाचं स्टेशन आहे. स्टेशन म्हणजे एक लाकडी शेड आणि आत एक बाक. स्टेशनमास्तर नाही, तिकीटखिडकी नाही, चहा तर नाहीच नाही. फलाटावर उभं राहून कुणी हात दाखवला तरच गाडी थांबते, नाहीतर भोंगा वाजवून निघून जाते. आई पहिल्यांदा आली तेव्हा हे ऐकून हसली होती. "अगं, म्हणजे आपला लाल डबाच की!"

२०१७च्या मार्चमध्ये ती परत निघाली. तिचं हृदय पार थकलं होतं. बाबांच्या मागे नागपूरच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच, आणि मी एकुलती एक. हिवाळाभर मी तिच्या मागे लागले होते. "आई, व्हिसा एक्स्टेंड करते मी, तू इथंच राहा ना." विनवण्या केल्या, भांडले, अबोला धरला. तिचं पालुपद एकच. "जावयाच्या दारात मरण नको गं बाई." जावई बिचारा एडमंटनहून ज्वारीचं पीठ आणून तिच्यासाठी स्वतः भाकरी थापत होता. पण हट्ट म्हणजे हट्ट.

एडमंटनला माझा मामेभाऊ तिला उतरवून घेऊन विमानात बसवणार होता. नवरा आम्हाला शेडपाशी सोडून कामावर गेला. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी होती, म्हणून आम्ही आत बाकावर बसलो. ही गाडी चुकली की पुढची दोन दिवसांनी, आणि तोवर विमान गेलेलं.

लांबून भोंगा ऐकू आला. मी उठले नाही. जाऊ दे, गेली तर गेली, असं मनात अगदी स्पष्ट म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

आईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली, दार ढकलून बाहेर गेली आणि डोक्यावरची माकडटोपी काढून जोरजोरात हलवू लागली. गाडी थांबली.

मी धावत जाऊन तिची बॅग वर दिली. तिला धाप लागली होती. पायरीवरून म्हणाली, "तुझ्यानं झालं नसतं. म्हणून मीच केला हात."

मे महिन्यात नागपूरहून फोन आला. दूधवाल्यानं बेल वाजवून वाजवून शेवटी शेजाऱ्यांना बोलावलं होतं. दार तोडलं तेव्हा ती स्वयंपाकघरात पडलेली होती. केव्हापासून, ते कुणालाच सांगता येईना.

आईची इच्छा पुरी झाली, असं सगळे म्हणतात. माझा तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही.