मागे पडणारं स्टॉपवॉच

प्रॅक्टिकलमध्ये आकडे कसे बसवायचे हे आमच्या कॉलेजातल्या पोरांना शिकवावं लागत नसे. लंबकाच्या प्रयोगात पृथ्वीच्या ओढीचं उत्तर नऊशे ऐंशीच्या आसपास यायला हवं, हे पुस्तकातच दिलेलं. मुलं आधी ते लिहायची, मग उलटा हिशेब करून वरचे रकाने भरायची, आणि लंबक आपला भिंतीपाशी उगाच हलत राहायचा. मास्तरांनीही आपल्या वेळी हेच केलेलं असल्यामुळे कुणी बोलत नसे. मी मात्र नवीन होतो, आणि नव्या माणसाला चेव असतो. मार्गदर्शनासाठी माझ्याकडे सोपवलेल्या वीस जणांना मी पहिल्याच दिवशी दम भरला होता, की बसवलेले आकडे दिसले तर जर्नल फाडून हातात देईन.

त्या विसांत हुपरीची एक मुलगी होती. घरात पैंजणांचं काम. लहानपणापासून घुंगरं जोडून तिची नजर इतकी बारीक झाली होती, की जिथं बाकीच्यांना भिंग लागायचं तिथं ती नुसती वाकून आकडा सांगायची. शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला तिचे वडील मला भेटायला आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सर, पोरगी हुशार हाय म्हनत्यात सगळी. एका दमात पास झाली तर एमेस्सीला घालतो, शब्द हाय माझा. पर नापास झाली तर घरात माझं कोन ऐकनार न्हाय. स्थळ बघून ठेवलंय."

"काळजी करू नका, ती माझी जबाबदारी," मी म्हणालो. असं बोलायला काही लागत नाही.

विद्यापीठाच्या परीक्षेला बाहेरगावचे एक ज्येष्ठ परीक्षक आले होते, आणि कॉलेजकडून परीक्षक म्हणून मी होतो. आमच्याकडे धड चालणारी चार स्टॉपवॉच होती. पाचवं मिनिटाला दीड सेकंद मागे पडायचं, म्हणून मी ते कपाटात ठेवायचो. त्या दिवशी एक कमी पडलं, पोरं खोळंबली, आणि मी कपाट उघडून पाचवं काढून दिलं. सकाळी ते ज्याच्या हातात गेलं त्यानं उत्तर लिहिलं नऊशे एकोणऐंशी. त्याचं काही बिघडलं नाही. दुपारी ते तिच्या हातात गेलं.

तिचं उत्तर आलं एक हजार तीस.

"काय बाई, तुमच्या गावाकडं पृथ्वी जास्त ओढते काय?" परीक्षक म्हणाले आणि स्वतःच हसले.

"सर, तीनदा घेतलं. तेवढंच येतंय." एवढं बोलून तिनं माझ्याकडे बघितलं.

सर, ते घड्याळ मागे पडतं, एवढंच मला म्हणायचं होतं. पण मग ते परीक्षेत आलं कसं, हा प्रश्न आला असता, आणि माझी नेमणूक अजून कायम व्हायची होती. समोर चहा आला होता. मी तो बशीत ओतला आणि पीत राहिलो. परीक्षकांनी त्या प्रयोगाला भोपळा दिला. पाच वाजता गुणांचा लखोटा लाखेनं बंद झाला. प्रॅक्टिकलला वेगळं पास व्हावं लागे. ती चार गुणांनी राहिली.

निकालाच्या दिवशी ती आली. "सर, माझं काय चुकलं?"

"उत्तर जरा लांब गेलं," मी म्हणालो.

"व्हय," म्हणाली आणि गेली.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी जाऊन जेवलो, दुपारी झोपलोसुद्धा. दात काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा आपला वाटेनासा होतो, तसं ते पुढं कितीतरी दिवस राहिलं. जूनमध्ये मला कायम केलं. घरच्यांनी पेढे वाटले, मी खाल्ले.

ऑक्टोबरच्या परीक्षेला ती आली तेव्हा गळ्यात मंगळसूत्र होतं. सासरी पदवीधर सून हवी होती, तेवढ्यासाठी पाठवलेली. चिठ्ठीत नेमका लंबकच निघाला. मी चारांतलं चांगलं स्टॉपवॉच निवडलं, मनगटावरच्या घड्याळाशी दोनदा ताडून पाहिलं आणि स्वतः तिच्या हातात दिलं. तिनं ते टेबलावर ठेवलं.

अर्ध्या तासानं मी फिरत तिकडे गेलो. सगळे रकाने भरलेले होते. उत्तर नऊशे ऐंशी. लंबक स्थिर होता आणि स्टॉपवॉचचा काटा शून्यावर. तिनं ते चालूच केलं नव्हतं.

नव्या परीक्षकांनी उत्तर बघितलं, "छान" म्हणाले आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला. ती समोर उभी होती.

"सर, बघून घ्या की. बरोबर हाय न्हवं?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती. मी "बरोबर आहे" म्हणालो आणि सही केली.