गाळातली अनवाणी पावलं

मित्रांनो, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. मी वापीला कारखान्यात आहे. गाव आमचं मणिबेलीकडे, धरणाच्या काठाला.

धाकटा भाऊ सायसिंग बारावी पास झाला. त्याला अग्निवीर व्हायचंय. डोंगरात पळायला सपाट जागा कुठली? धरणाचं पाणी उतरलं की आमचं बुडालेलं शेत उघडं पडतं, तिथे तो पहाटे एकटा पळतो.

आज जेवणाच्या सुट्टीत त्याने व्हिडिओ पाठवला. ओल्या गाळात त्याच्या बुटांचे ठसे, आणि त्यांच्या जरा पुढे अनवाणी पावलं. डाव्या पायाला अंगठाच नाही.

मी लगेच फोन लावला. "कोण पळतं रे तुझ्यासोबत?"

"दिसत नाही दादा. पुढे नुसता छप छप आवाज येतो. त्याच्यामागे पळतो म्हणून तर आज भरतीच्या वेळेत बसलो."

आमच्या काकाचा डाव्या पायाचा अंगठा कुऱ्हाडीने गेला होता. त्याच्यामुळे त्याला भरतीतून परत पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं, शेत बुडालं, त्यात काकाही गेला. सायसिंग तेव्हा जन्मला पण नव्हता.

"उद्यापासून तिथे जायचं नाही," मी ओरडलो.

"मग काय तुझ्या कारखान्यात येऊ?"

आईने त्याच्या हातातून फोन घेतला.

"पोराला अडवू नको. मी उद्यापासून भाकर दोघांची बांधते."

भरती आठवड्यावर आलीय. सांगा मित्रांनो, निवड झाली तर सायसिंग गावातून एकटाच जाईल ना?