रविवारचं ऊन

हे मी घरातही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट सांगता यायचं नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीत कारखाना नवा, आमची चाळही नवी. डाव्या हाताला वत्सलावहिनी, लातूरकडच्या. उजव्या हाताला अमीनाभाभी. त्यांचे उस्मानभाई नाशिक रस्त्यावर लॉऱ्या दुरुस्त करायचे. भाभींची एक शेळी होती. माझी मुलगी टायफॉइडमधून उठली तेव्हा तिला महिनाभर दूध त्या शेळीचं — आणि भाभींनी पैशाचा विषयही काढू दिला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

वहिनींच्या आईनं त्यांना मिरचीचं बी दिलं होतं. आई वारली, बी तेवढंच उरलं. वहिनींनी ते सगळं तीन डब्यांत पेरलं आणि शेळीच्या भीतीनं डबे खोलीत ठेवले. उजेड कमी. रोपं वाढली ती नुसती उंच — दोऱ्यासारखी, फिकट, खिडकीकडे माना वळवलेली. पावसाआधी त्यांना बाहेरची सवय लावायची, तेवढ्यात नवरा-बायकोला आठवडाभर गावी जावं लागलं. माझी बायको-मुलं माहेरी. डबे माझ्याकडे आले.

"भाऊजी, पहिल्या दिवशी तासभर कवळं ऊन, मग सावली. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. वारं लागू द्या, पाणी बेतानं. तुम्ही हिशेबी, म्हणून तुम्हाला सांगते. आमच्या ह्यांना सांगितलं तर रोपांना पोहायला शिकवतील!"

मी हसलो. हो म्हणालो.

त्या आठवड्यात ओव्हरटाइम निघाला. आज उशीर झाला, उद्या बघू — असं करत शनिवार आला. डबे कोनाड्यातच. मग मी काय केलं? हिशेब केला. कारखान्यात हजेरी कमी पडली की सुट्टीच्या दिवशी काम करून भरून काढता यायची. उन्हाचे तासही तसेच भरून काढता येतील, असं मला खरंच वाटलं. रविवारी सकाळीच डबे अंगणातल्या फरशीवर ठेवले. वैशाखाचं ऊन. दुपारी मी आत झोपलो होतो.

उठलो तेव्हा रोपं आडवी झाली होती. पानं पांढरी पडून कागदासारखी वाजत होती.

इथवर चूक होती. चूक सांगायला मी इतकी वर्षं थांबलो नसतो — नाही का?

सोमवारी वहिनी येणार होत्या. मी बसून एकेक रोप वरून खुडलं, ओरबाडल्यासारखं. अंगणातल्या शेळीच्या चार लेंड्या उचलून डब्यांजवळ टाकल्या. हात धुतले.

वहिनी डब्यांपाशी बसून राहिल्या. मग भाभींच्या दारात जाऊन जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. भाभी नंतर माझ्याकडे आल्या.

"भाऊ, मी बांधून ठेवली होती हो. गाठ कशी सुटली असेल?"

"सुटते कधी कधी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. माझा शब्द होता ना — हिशेबात चोख माणसाचा. पुढच्या बाजाराला उस्मानभाईंनी शेळी चाकणला नेऊन विकली. भाभींनी निघोज्याहून कुणाकडून तरी मिरचीची रोपं आणवली आणि वहिनींच्या दाराशी ठेवली. वहिनींनी रोपांना हात लावला नाही. "त्यात माझी आई हाय का?" एवढंच म्हणाल्या.

ती रोपं मी उचलली. पहिल्या दिवशी तासभर कवळं ऊन, मग सावली. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. एकही मेलं नाही. म्हणजे मला येत होतं.

पावसाळ्यात मी ती वहिनींच्या परसात लावून दिली. दिवाळीच्या सुमारास मिरच्या लागल्या. वहिनींनी आमच्याकडे वाटीभर ठेचा पाठवला — "भाऊजींनी जगवली" म्हणून. भाभींकडे पाठवला नाही. त्या दोघी नंतर एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी भाभी चाळ सोडून गेल्या.

ठेचा मी भाकरीबरोबर खाल्ला. चांगला झाला होता. मी आणखी मागून घेतला.