वाळवलेले ठोकळे

कारध्याला आम्ही घर बांधत होतो. स्लॅब पडला त्या दिवशी मी त्याच काँक्रीटचे सहा ठोकळे भरून घेतले. मिस्त्री हसला. "साहेब, घर बांधून राहिले का पूल?"

मजबुती तपासायला तीन ठोकळे सातव्या दिवशी दाबून फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या, असं वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी साचे काढून सहाही हौदात बुडवले.

स्लॅबवर पाणी राखायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलं. जन्मभर धानाच्या बांधीत पाणी राखलेला माणूस. दोन इंचांखाली पातळी जाऊ देईना.

सातव्या दिवशी बाबांनी तीन ठोकळे पोत्यात बांधून हाती दिले. मी घाईत पोतं न उघडताच प्रयोगशाळेत पोचवलं. सरासरी आली चौरस मिलिमीटरला १०.६ न्यूटन. अठ्ठावीस दिवसांनी वीस हवे, तर सातव्या दिवशी निदान तेरा हवेत. घराचे इंजिनिअर म्हणाले, पुढचे तीनही असेच आले तर स्लॅब फोडावा लागेल.

जेवताना हे सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"ठोकळे तं मी चांगले वाळवून देल्ले होते."

"वाळवले? काहून?"

"सहा दिवस उन्हात. ओला धान कोनी तोलाले नेते का? कास्तकाराचं नाव जाते."

सिमेंटला पाणी मिळालं तरच ते घट्ट होतं, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

"मंग तीनच काहून?"

"तीनच न्याचे होते ना. बाकीचे बाविसाव्या दिवशी काढनार होतो."

मला हसू आलं, पण स्लॅब पक्का आहे की नाही हे आकड्यावरूनच ठरणार होतं. पुढचे तीन आठवडे बाबा हौदाजवळ खुर्ची टाकून बसले. कोणी बादली बुडवली तरी ओरडायचे, "ठोकळ्याले हात नोको लावू!" अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांनी ते ओल्या पोत्यात गुंडाळले आणि मांडीवर घेऊन माझ्यासोबत आले.

आकडा आला २३.८.

टेकू काढायच्या दिवशी बाबा स्लॅबखाली मधोमध जाऊन उभे राहिले.

"बुढोबा, बाजूले व्हा," मिस्त्री म्हणाला.

"काढ तू. याच्या वहीत लिवलं आहे ना."

मीही वही खिशात घालून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.